दुसऱ्याच्या चुकीला जागा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर शिक्षक होते. मीही शिक्षकच. पदार्थविज्ञान शिकवलं, फळ्यावर गती आणि त्वरणाची समीकरणं लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. आज तोच विषय घेऊन आलो आहे, फक्त फळ्याच्या जागी रस्ता आहे. वाहनाची वेगमर्यादा का पाळायची, एवढाच माझा विषय.

हा विषय व्याख्यानमालेचा आहे का, असं मला विचारलं गेलं. तो पोलिसांचा विषय आहे, आरटीओचा आहे, फार तर शाळेतल्या रस्ता सुरक्षा सप्ताहाचा आहे. मी एक आकडा सांगतो. २०२३ साली आपल्या महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५,३६६ माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी १५,२२४. म्हणजे रोज साधारण ४२. एखाद्या तापानं रोज ४२ माणसं जाऊ लागली असती तर आपण गप्प बसलो असतो का? गल्लोगल्ली फवारणी झाली असती, मोर्चे निघाले असते, मंत्र्यांना जाब विचारला गेला असता. इथं मात्र आपण पेपरातली बातमी वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. समाजाला ज्या मृत्यूंची सवय झाली आहे, त्यांच्याबद्दल सार्वजनिक व्यासपीठावरून बोलायचं नाही, तर मग कशाबद्दल बोलायचं?

आपल्या मराठी माणसाच्या मनात तर रस्त्यावर गेलेल्या कलावंतांची यादी जुनी आहे. याच कोल्हापूरच्या मातीतले अरुण सरनाईक १९८४ साली मोटार अपघातात पत्नी आणि मुलासह गेले. भक्ती बर्वे २००१ मध्ये पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर गेल्या. त्याच मार्गावर २०१२ च्या डिसेंबरात आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, आणि पेंडसे यांचा लहानगा मुलगाही. हे सगळे अपघात वेगानंच झाले असं मी म्हणत नाही. मला तसं म्हणायचा अधिकार नाही. मी एवढंच म्हणतो की रस्त्यानं आपल्याकडून काय काय नेलं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तरी आपण गाडीत बसलो की ते विसरतो.

आता गणिताकडे येतो. घाबरू नका, सोपं आहे.

समोर काही आडवं आलं तर ते डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. हा तरण्याबांड, ताज्यातवान्या, मोबाइल खिशात ठेवलेल्या माणसाचा हिशोब आहे. थकलेल्याला जास्त लागतो. या एका सेकंदात गाडीचा वेग अजिबात कमी होत नाही. ताशी ६० किलोमीटरनं चाललेली गाडी तेवढ्यात सतरा मीटर पुढं जाते. मग ब्रेक लागतात, आणि कोरड्या, चांगल्या डांबरावर ती आणखी वीस मीटरवर थांबते. एकूण ३७ मीटर. बरोबर?

आता तीच गाडी, तोच चालक, तोच रस्ता. वेग फक्त ८०. किती फरक पडेल? वर्गात मी हा प्रश्न विचारायचो तेव्हा मुलं म्हणायची, सर, वेग एक तृतीयांशानं वाढला, तर अंतरही तेवढंच वाढेल. तसं होत नाही. गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. ऐंशीची गाडी थांबायला ५७ मीटर घेते.

पण खरी गोष्ट पुढं आहे, आणि आज इथून जाताना एवढी एकच गोष्ट तुम्ही लक्षात ठेवली तरी माझं येणं सार्थकी लागेल. साठची गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्या जागी ऐंशीची गाडी किती वेगात असेल? वीसच्या? तीसच्या? मी हिशोब करून सांगतो: ती अजून ६० च्या वर असते. ब्रेक दाबलेले आहेत, टायर किंचाळताहेत, आणि गाडी साठच्या वेगात जाऊन आदळते. जिथं एक चालक नुसता दचकून थांबला आणि कपाळावरचा घाम पुसून पुढं गेला, तिथं दुसऱ्यानं माणूस मारला. दोघांच्या वेगात फरक होता वीसचा.

यात चालकाचं कौशल्य कुठं आलं? आपल्याकडं अभिमानानं सांगतात, ‘आपला हात बसलाय गाडीवर, आजपातूर एक खरचटा न्हाई.’ असेल. हात बसला असेल. पण ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर हात ठरवत नाही. ते टायर, डांबर आणि वेग ठरवतात. तिथं तुमचा अनुभव कामाला येत नाही, देवाला केलेला नमस्कारही नाही. आजवर काही झालं नाही याचा अर्थ एवढाच की आजवर त्या ३७ आणि ५७ मीटरच्या मधल्या पट्ट्यात कुणी आलं नाही.

आणि कोल्हापुरात त्या पट्ट्यात कोण येतं? हा माझा दुसरा मुद्दा, आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण वेगमर्यादेची चर्चा आपण नेहमी मोकळा रस्ता डोळ्यांपुढं ठेवून करतो. आपला रस्ता मोकळा कधी असतो?

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने सुरू होतात. मग फाल्गुनापर्यंत आपल्या जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता हा उसाचा रस्ता असतो. ट्रक असतात, दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर असतात, अंगद गाड्या असतात, बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या बैलगाड्या असतात. वाहनाच्या अंगाबाहेर दोन्हीकडून ऊस लोंबत असतो. मागचा दिवा उसानं झाकलेला, नाहीतर नसतोच. रिफ्लेक्टर लावलेला असला तरी त्यावर धुळीचा थर. ही वाहनं ताशी दहा-पंधरानं चालतात, कधी पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असतात, मागं चार दगड ठेवून.

आता तुमच्या मोटारीचा दिवा डिपरवर आहे, कारण समोरून गाड्या येताहेत. डिपरच्या उजेडात अशी विनादिव्याची काळी वस्तू साधारण चाळीस-पन्नास मीटरवर आली की दिसते. आता मघाचे आकडे आठवा. साठला ३७ मीटर, ऐंशीला ५७. साठवाला थांबतो. ऐंशीवाल्याला ती ट्रॉली दिसते, पण तोवर वेळ गेलेली असते. चूक कुणाची? दिवा न लावणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याची आहे, शंभर टक्के आहे. पण मेलं कोण?

उसाच्या पलीकडंही बघा. चैत्रात जोतिबाला आणि एरवी नरसोबाच्या वाडीला, आदमापूरला माणसं चालत जातात. रात्रीच निघतात, ऊन टळावं म्हणून, पुष्कळजण अनवाणी. पहाटे चारला गावागावांत दुधाची किटली सायकलला अडकवून माणूस डेअरीकडं निघतो, आणि त्याच वेळी दुधाच्या गाड्या संकलनासाठी सुटलेल्या असतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल: या औद्योगिक वसाहतींत पाळी सुटली की हजारो दुचाकी एकदम हायवेवर येतात, आठ तास भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसांच्या. त्यांचे डोळे तारवटलेले असतात. हायवेच्या कडेला शेत असलेला शेतकरी पलीकडं जायला दुभाजकातली फट शोधतो. तोडकऱ्यांच्या पालांतली लेकरं रस्त्याच्या बाजूलाच खेळतात, कारण त्यांना दुसरं अंगण नाही.

या साऱ्यांपैकी कुणीतरी रोज चुकणार आहे. पोर चेंडूमागं धावणार, म्हातारी अर्ध्या रस्त्यातून मागं फिरणार, थकलेला कामगार इंडिकेटर द्यायला विसरणार. माणसं चुकतात. चुकीची शिक्षा मरण असावी का? माझ्या मते वेगमर्यादेचा खरा अर्थ हाच आहे: दुसरा चुकला तरी तो जगावा, एवढी जागा आपण आपल्या गाडीपुढं राखून ठेवायची. ती मर्यादा तुमचं कौशल्य मोजत नाही. तुमच्या गाडीची ताकदही मोजत नाही. रस्त्यावरच्या सगळ्यात कच्च्या माणसाला धरून ती आखलेली असते, आणि तशीच आखलेली असायला हवी.

इथं एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी टाळणार नाही. ‘साहेब, रस्ते धड नाहीत, खड्डे आहेत, पुलाला कठडे नाहीत, आणि तुम्ही आम्हाला वेग शिकवता?’ आक्षेप खरा आहे. २६ जानेवारी २०१८ ची रात्र या शहरातला कुणीही विसरलेला नाही. गणपतीपुळ्याहून देवदर्शन करून येणारी पुण्याच्या कुटुंबाची मिनी बस शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. आपल्या पोरांनी मध्यरात्री, थंडीत, काही विचार न करता नदीकडं धाव घेतली. त्या पोरांना माझा आजही नमस्कार आहे. तो पूल शंभर वर्षांहून जुना, अरुंद. शेजारचा पर्यायी पूल कितीतरी आधी व्हायला हवा होता, पण ब्रह्मपुरीच्या पुरातत्त्वीय संरक्षित क्षेत्राच्या नियमात तो वर्षानुवर्षं अडकून पडला. आज आपण नव्या पुलावरून जातो. त्याच्यासाठी किती वाट पाहिली, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या रात्रीचा उल्लेख मी चालकाकडं बोट दाखवायला केलेला नाही. तसं करणं अन्याय होईल. मला एवढंच दाखवायचं आहे की रस्ता बांधणारी यंत्रणाही चुकते, आणि तिच्या चुका दुरुस्त व्हायला वर्षं लागतात. पूल हवा, कठडा हवा, दिवे हवेत. त्यासाठी भांडलं पाहिजे, मीही भांडेन. पण तो कठडा होईपर्यंत तुम्ही तिथून जाणार आहात ना? उद्या सकाळीच जाणार आहात. मग खराब रस्ता ही वेगानं जाण्याची सबब कशी होते? जिथं रस्ता चुकला आहे, तिथं सांभाळून घ्यायला हातात उरतं ते फक्त वेगाचं नियंत्रण.

तसंच आकडेवारीचं. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर जे मेले त्यांतले दहापैकी सात अतिवेगाच्या अपघातांत, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. जाणकार म्हणतात, पोलिसांच्या फॉर्मवर ‘अतिवेग’ लिहिणं सोपं असतं, म्हणून तिथं रस्त्याचा दोष झाकला जातो. यात तथ्य आहे. पण हे सातचे सहा झाले, पाच झाले, म्हणून मघाचं गणित बदलत नाही. अपघाताचं कारण टायर फुटणं असेल, झोप असेल, आडवं आलेलं कुत्रं असेल. त्या अपघातातून माणूस उठून घरी जातो की सीपीआर रुग्णालयाच्या शवागारात जातो, याचा निर्णय बहुतेक वेळा वेगानं आधीच केलेला असतो.

आता कायदा. थोडक्यात सांगतो, कारण तो थोडक्यातच आहे. केंद्र सरकारनं ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनं कमाल मर्यादा ठरवल्या. मोटारीला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, शहरात आणि इतर रस्त्यांवर ७०. दुचाकीला शहरात ६०. मालवाहू गाडीला चौपदरीवर ८०, इतरत्र ६०. राज्यांना आणि स्थानिक अधिकाऱ्यांना यापेक्षा कमी मर्यादा लावता येते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारीसाठी १०० आहे आणि घाटात ६०. लक्षात घ्या, या ‘इथपर्यंत’च्या मर्यादा आहेत. पावसात, धुक्यात, आंबा घाटात किंवा गगनबावड्याच्या वळणांवर फलक काहीही म्हणो, योग्य वेग त्याच्या पुष्कळ खालीच असतो. ओल्या रस्त्यावर मी मघाशी सांगितलेली सगळी अंतरं वाढतात.

काही फलक चुकीचे असतात, हेही मान्य करतो. काम संपून महिने लोटले तरी ‘वेग २०’ची पाटी तशीच उभी असते, आणि खऱ्या धोक्याच्या वळणावर पाटीच नसते. अशानं माणसाचा पाटीवरचा विश्वास उडतो. त्यावर उपाय पाटी बदलून घेणं हा आहे. अर्ज करा, ग्रामसभेत ठराव करा. प्रत्येकानं आपापली मर्यादा ठरवायची झाली तर रस्त्यावर नियम उरत नाही, उरतो तो फक्त मोठ्या गाडीचा धाक.

आणि कॅमेरा. समोरून येणारा दिवे मिचकावून इशारा देतो, पुढं पोलिसांची गाडी उभी आहे. लगेच सगळे साठवर येतात. वळण संपलं की पुन्हा बुंगाट. व्हॉट्सॲपवर इंटरसेप्टर कुठं उभा आहे त्याचे निरोप फिरतात. अनोळखी माणसाचे हजार-दोन हजार रुपये वाचावेत म्हणून आपण धडपडतो. पुढं पालांतली लेकरं खेळताहेत, हळू घ्या, असा निरोप कधी कुणी कुणाला पाठवला आहे का? तोही पाठवता येईल.

यातून मिळतं काय? वेळ वाचतो म्हणतात. कोल्हापूर ते पन्हाळा २० किलोमीटर धरा. साठनं वीस मिनिटं, ऐंशीनं पंधरा. पाच मिनिटं वाचली, तीही रस्त्यात कुणीच आडवं आलं नाही तर. प्रत्यक्षात एक एसटी आणि दोन ट्रॅक्टर पुढं लागले की ती पाचांची दोन होतात. त्या दोन मिनिटांसाठी आपण काय पणाला लावतो?

पण मित्रहो, सगळेच हौसेनं पळवत नाहीत. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि रस्ता सुरक्षेच्या भाषणांत तो हमखास राहून जातो. वडापच्या जीपवाल्याचं पोट खेपांवर आहे. ऊस वाहणाऱ्याचा हिशोब टनावर आणि खेपेवर आहे. दुधाच्या गाडीला ठरल्या वेळेत पोचायचं असतं, उशीर झाला तर दूध नासतं. खाणं घरपोच देणाऱ्या पोराच्या मोबाइलवर मिनिटं उलटी मोजली जातात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या चालकाला पहाटे मुंबईत पोचवायचं असतं, कारण तशी तिकिटं विकलेली असतात. स्टिअरिंग त्याच्या हातात आहे, पण वेग दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेला आहे. मग अपघात झाला की गुन्हा एकट्या चालकावर कसा? ज्यानं चार तासांत पाच तासांचा रस्ता मागितला, त्याला कुणी काही विचारतं का? या सभागृहात कारखान्यांशी, दूध संघांशी, वाहतूक व्यवसायाशी संबंधित मंडळी आहेत. त्यांना मी हात जोडून सांगतो: तुमचं वेळापत्रक एकदा वेगमर्यादेशी ताडून पाहा. मर्यादा पाळून ते जमत नसेल, तर ते वेळापत्रकच बेकायदा आहे.

आणि आपण प्रवासी? एसटी रेंगाळते म्हणून कुरकुर करणारे आपणच. लग्नाच्या गाडीत मागं बसून ‘हाणा की जरा’ म्हणणारे आपणच. बारावी झालेल्या पोराला दीडशे-दोनशे सीसीची गाडी घेऊन देणारे आणि ती कुठं, किती पळते हे कधीही न विचारणारे आपणच. वेगाची हौस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कुस्तीला जसा हौद असतो, तशी वेगालाही जागा असते. कोल्हापूरच्या पोरांनी कार्टिंगच्या ट्रॅकवर नाव काढलं आहे, त्यांचं कौतुकच आहे. ट्रॅकवर हेल्मेट असतं, कडेला टायर रचलेले असतात, आणि मुख्य म्हणजे समोरून कुणी म्हातारी येत नसते.

जगाकडं एक नजर टाकतो. १८९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाच्या बाईंना मोटारीनं धडक दिली आणि त्या दगावल्या. ब्रिटनमध्ये मोटारीखाली गेलेल्या त्या पहिल्या पादचारी. चालकाच्या म्हणण्यानुसार त्या मोटारीचा वेग होता ताशी चार मैल. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं आशा व्यक्त केली की अशी घटना पुन्हा कधी घडू नये. शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, स्वीडनच्या संसदेनं ती आशा धोरण म्हणून मान्य केली: रस्त्यावर एकही मृत्यू स्वीकारार्ह नाही, आणि माणसाचं शरीर जेवढा आघात सोसू शकतं त्यावरून वेग ठरवायचा. वेल्सनं २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांची नेहमीची मर्यादा ताशी २० मैलांवर आणली. हे त्यांनाच जमतं, आपल्याला नाही, असं म्हणू नका. आपल्या पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०१६ साली दीडशेच्या घरात माणसं गेली होती. तिथं अपघाताच्या जागा शोधून दुरुस्त्या केल्या, कठडे बसवले, वेगावर लक्ष ठेवलं, जखमींना लवकर मदत मिळेल असं पाहिलं, आणि तीन वर्षांत तो आकडा शंभराच्या खाली आला. पुरेसा नाही. पण माणसं वाचली.

शेवटचा हिशोब शहरातल्या गल्ल्यांचा. ताशी ३० च्या वेगानं जाणारी गाडी पोर आडवं आल्यावर तेरा मीटरमध्ये पूर्ण थांबते. पन्नासची गाडी त्या पहिल्या एका सेकंदातच चौदा मीटर जाते. म्हणजे तीसवाला थांबून खाली उतरला, त्या जागी पन्नासवाल्याचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाही नाही. पोराला बसणारी धडक पन्नासची, पूर्ण पन्नासची. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, शाळा सुटतात त्या प्रत्येक बोळात ३० ची मर्यादा का असू नये? महापालिकेपुढं ही मागणी आपण ठेवू या. कारखान्यांनी या हंगामाआधी प्रत्येक ट्रॉलीला, अंगदला, बैलगाडीला मागं रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ती गाडी काट्यावर घेऊ नये, ही दुसरी. आणि रात्री उसाच्या रस्त्यावर आपली स्वतःची गाडी साठच्या आत, यासाठी कुणाकडं मागणी करायची गरज नाही.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. रात्रपाळी करून हायवेनं घरी जाणारी माणसं इथं बसली असतील, गाडीवर पोट असलेले चालक असतील. आधी त्यांनी बोलावं, अशी माझी विनंती आहे.